काकू, आमचं हॉटेल तुमच्यामुळे उभं राहिलं

काकू,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून लिहूनच पाठवतेय, नातीकडून वाचून घ्या. इथे नाशकात दोन दिवस पाऊस थांबलेला नाही, गोदेचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलंय म्हणून घरचे सगळे बघायला गेलेत, आणि मी तुम्ही दिलेली आमसुलांची बरणी उघडून बसलेय. वास आला आणि एकदम मालवणच आठवलं.

पहिल्या सीझनला आम्ही मालवणात ऑक्टोबरात हॉटेलचा मांडव घातला तेव्हा आम्हाला वाटत होतं सुरमई, पापलेट, कोळंबी ठेवली की झालं, टुरिस्ट तेच मागतो. म्हणून लांबून बर्फातला मासा आणायचो, सासूबाईंनी घरून दिलेला काळा मसाला सगळ्यात घालायचो आणि तिरफळं, ती तुमच्याकडची मिरीसारखी झणझणीत फळं, चक्क मिक्सरला लावायचो. डिसेंबरात एक अख्खं पातेलं कडू झालं, माणसं ताट तसंच ठेवून उठली. त्या दिवशी तुम्ही माशांची टोपली घेऊन आलात, रस्सा चाखलात आणि म्हणालात, "गो बाय, ह्या वाटूचा नसता, ठेचूचा असता." मग तिथेच चुलीपाशी बसून एकेक तिरफळ फोडून आतली काळी बी काढून टाकलीत, नुसती सालं हलक्या हाताने ठेचून ओल्या खोबऱ्याच्या वाटणात सोडलीत, वर दोन आमसुलं. कांदा नाही, लसूण नाही, फोडणी पण नाही, शेवटी फक्त कच्चं खोबरेल. असा बांगडा मी आयुष्यात खाल्ला नव्हता.

त्यानंतर जवळपास महिनाभर तुम्ही उधारीवर मासे दिलेत. आमच्याकडे तेव्हा गॅसचे पैसे द्यायची पण मारामार होती, आणि तुम्ही वहीत आकडासुद्धा लिहिला नाहीत. हे मी विसरूच शकत नाही.

पहाटे रापण, म्हणजे ते किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढायला मला घेऊन गेलात, दोर धरला त्या प्रत्येकाला वाटा मिळतो हे तिथे बघितलं. त्या दिवशी जाळ्यात तारले आणि पेडवे असे छोटे मासे होते तर आपण तेच केलं, आणि तेव्हापासून आमच्या फळ्यावर सकाळी जे किनाऱ्यावर आलं तेच लिहिलं जातं. सिंधुदुर्ग किल्ला बघून येणारी माणसं दमून येतात, जेवताना विचारतात की महाराजांनी 1664 साली हा किल्ला बांधायला घेतला तेव्हा इथली माणसं काय खात असतील. मिरची तर पोर्तुगीजांनी किल्ल्याच्याही आधी आणलेली, पण ती यायच्या आधी तिखटाला मिरी, तिरफळ असायचं. तुमच्या आजीची मिरचीशिवायची मिरी घातलेली कढी तुम्ही शिकवलीत ना, ती आता आम्ही दर रविवारी करतो आणि संपते सगळ्यात आधी! लोक भातावर ओतून वाटी पुसून खातात.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, मांडव उतरवला, आम्ही इकडे. पण बंदीच्या या दोन महिन्यांत तुमचं घर सुक्या माशांवर चालतं हे मला माहीत आहे, म्हणून मागच्या वर्षीची उधारी मी परवा नातीच्या खात्यावर पाठवलीय. परत पाठवू नका प्लीज, ते तुमचेच आहेत.

नारळी पौर्णिमा झाली की मी एकटीच आधी येतेय, हे मागून सामान घेऊन येतील. तुम्हाला आवडतात त्या काळ्या मनुका दोन किलो घेतल्यात. तिरफळं उतरवायला घ्याल तेव्हा मला सांगा, वाळवायला मी बसते तुमच्यासोबत, बी काढायचा हात अजून नीट बसलेला नाही.

तुमची,
नाशिकची पोरगी