सही करणाऱ्याने खेळायचं नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तालुक्यातल्या फुटबॉल स्पर्धेच्या बातमीत आपण छापलंत की नियमात न बसणारे काही अर्ज परत पाठवले. त्यातला एक आमच्या वाडीचा. कुठला नियम ते बातमीत नव्हतं, म्हणून हे पत्र.

अर्जावर वर 'संघ व्यवस्थापक' असा रकाना आणि खाली खेळाडूंची यादी. दोन्हीकडे माझ्या पुतण्याचं नाव होतं. व्यवस्थापकाने खेळायचं नाही, असं जगात कुठंच नसतं, असं सांगून अर्ज परत दिला. पुतण्या घरी येऊन म्हणाला, "काका, खेळूचा की सही करूची, येकच काय ता ठरवूक सांगतत."

वाडीत खेळणारी पोरं मोजून चौदा. भात कापून झालं की मळ्यात पोफळीचे दांडे रोवून गोल उभे करतात आणि वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, नांगरट सुरू होईस्तोवर खेळतात. वर्गणीचं पावतीपुस्तक पुतण्याकडे. टेम्पोवाल्याशी घासाघीस करायची ती त्याने, मळ्याच्या मालकाची समजूत काढायची तीही त्यानेच. शिवाय तो लेफ्ट हाफ, म्हणजे मधल्या फळीत डावीकडे खेळणारा. चौदांतला एक नुसता सही करायला कुठून आणायचा?

पण मला झोंबलं ते 'जगात कुठंच नसतं' हे वाक्य. जॉन कॅमेरॉन नावाचा एक खेळणारा व्यवस्थापक होता. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एअर नावाचं बंदराचं गाव आहे, तिथला. जन्म १८७२. आधी ग्लासगोच्या क्वीन्स पार्ककडून हौशी म्हणून खेळला, मग लिव्हरपूलला एव्हर्टनकडे गेला. स्कॉटलंडकडून सामना मिळाला एकच, १८९६ साली आयर्लंडविरुद्ध. लिव्हरपूलला असताना तो क्युनार्ड या बोट कंपनीत कारकुनी करायचा. मीही तीस वर्षं मुंबईत बोट कंपनीच्या ऑफिसात बिलं खरडली, त्यामुळे हा माणूस मला पहिल्यापासून आपला वाटत आलाय, हे कबूल करतो.

१८९८ साली खेळाडूंनी आपली संघटना काढली, तिचा सचिव हाच. क्लबांनी आपसात परस्पर बदल्या ठरवायच्या आणि खेळाडूला विचारायचंसुद्धा नाही, याविरुद्ध ती होती. संघटना टिकली नाही. कॅमेरॉन त्याच वर्षी लंडनला टॉटनहॅम हॉटस्परकडे गेला. पुढच्या फेब्रुवारीत तिथला व्यवस्थापक सोडून गेला आणि क्लबने ते काम याच्याच गळ्यात घातलं. वयाला सत्तावीस पुरी नव्हती. सचिव तोच, व्यवस्थापक तोच आणि शनिवारी बूट घालून मैदानात उतरायचा तोही तोच.

टॉटनहॅम तेव्हा मोठ्या फुटबॉल लीगमध्ये नव्हता, दक्षिणेकडच्या क्लबांच्या सदर्न लीगमध्ये होता. १९०० साली कॅमेरॉनच्या हाताखाली ती लीग जिंकली आणि १९०१ साली एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शेफील्ड युनायटेडसमोर उभा राहिला. संघात पाच स्कॉटिश, तीन इंग्लिश, दोन वेल्श आणि एक आयरिश. सगळी मोट बांधलेली. (आमच्याकडे गोव्याच्या हद्दीतला एक पोरगा घेतला तर केवढा गहजब होतो!) लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर एक लाखावर माणूस जमला. सामना २-२. शेफील्डच्या दुसऱ्या गोलावर बराच वाद झाला. चेंडू रेषेपलीकडे गेलाच नव्हता, आणि सामन्याचं चित्रीकरण झालं असल्यामुळे ते नंतर सगळ्यांना दिसलंही.

आठवड्याने, २७ एप्रिलला, बोल्टनला फेरसामना झाला. तिथल्या स्टेशनचं बांधकाम चालू होतं, म्हणून रेल्वेने सवलतीची तिकिटं दिली नाहीत आणि गर्दी वीस हजारांच्या आसपासच झाली. दुकानदारांनी 'पाय' (सारण भरून भाजलेला मैद्याचा पदार्थ) ढिगाने करून ठेवल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. जत्रेत पाऊस पडला की खाजेवाल्याचं तोंड जसं होतं, तशी त्यांची झाली असणार. पहिला गोल शेफील्डचा. बरोबरीचा गोल कुणी केला? व्यवस्थापकाने. कॅमेरॉनने. मग स्मिथ आणि ब्राऊन यांनी एकेक घालून सामना ३-१ असा संपवला. १८८८ साली ती मोठी फुटबॉल लीग स्थापन झाल्यापासून लीगबाहेरच्या संघाने तो कप जिंकलाय तो तेवढा एकदाच. आणि त्या संघाचा सही करणारा माणूस मैदानात घामाघूम होऊन पळत होता.

व्यवस्थापकच खेळाडू असला की स्वतःलाच संघात घेईल, असं संयोजकांपैकी एकजण म्हणाले. घेईल की. पण हरला तर वाडीत तोंडही त्यालाच दाखवायचं आहे.

कॅमेरॉनने १९०७ साली जागा सोडली. संचालकांशी पटेना. इथे फोड करून सांगायची गरज नाही, आपल्याकडची मंडळं सगळ्यांनी पाहिली आहेत. पुढे तो जर्मनीत ड्रेस्डेनला फुटबॉल शिकवायला गेला आणि १९१४ साली युद्ध पेटल्यावर तिथेच अडकला. बर्लिनजवळ रूहलेबेनच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर ब्रिटिश नागरिकांना डांबून ठेवलं होतं, त्यांत हाही. तिथे कैद्यांनी फुटबॉल असोसिएशन काढली. तिचा सचिव कोण, हे आता तुम्हीच ओळखा. तारेच्या कुंपणाआडसुद्धा या माणसाच्या हाती वही आलीच. सुटल्यावर काही काळ आपल्या एअरच्या क्लबचं काम पाहिलं. १९३५ साली ग्लासगोत वारला.

संयोजकांना विनंती एवढीच, अर्जावरचे दोन रकाने ठेवा, पण दोन्हीत एक नाव चालेल अशी एक ओळ घाला. छोट्या वाड्यांना तेवढंच पुरे.

मुदत रविवारपर्यंत आहे, त्यामुळे पुतण्याने वाट न बघता दुसरा अर्ज भरून ठेवलाय. व्यवस्थापकाच्या रकान्यात या खेपेस माझं नाव आहे. माझा एक गुडघा बदललेला आहे आणि डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या महिन्यात झालं. सामन्याच्या दिवशी मी लिंबाच्या फोडी आणि पाण्याची बाटली घेऊन कडेला बसेन. संघ तोच निवडील, आणि हे संयोजकांनाही ठाऊक आहे.

आपला,
एक जुना वाचक,
शिरोडा, ता. वेंगुर्ला