मंत्रिमहोदय, घोटभर पाण्याला कोणाची सही लागते?

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

काल मोबाइलवर मेसेज आला : ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ आठ दिवसांत लेखी खुलासा देतो, असं तुमच्याच कार्यालयातून सांगितलं होतं. त्याला तीन महिने झाले.

माझे वडील, वय 71. तुमच्या सरकारी हॉस्पिटलात मोठ्या आतड्याच्या गाठीचं ऑपरेशन. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध पाजलं, संडासला जाऊन जाऊन माणूस गळून गेला. रात्री दहानंतर पाण्याचा थेंब नाही. लिस्टवर नंबर चौथा. दुपारी साडेतीनला वॉर्डबॉय सांगून गेला, ‘आज नाही होणार.’ साडेसतरा तास! पाणी देऊ का विचारलं, तर सिस्टर म्हणाल्या, डॉक्टरांना विचारते. पाणी मिळालं पाचला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. टॉवेलचं ओलं टोक ओठांना लावलं, तर त्यांनी ते दातांत धरलं, सोडेनात. सिस्टर ओरडल्या. मी ओढून काढलं, बापाच्या तोंडातून.

ऑपरेशनआधी किती वेळ उपाशी ठेवायचं, हा नियम तुम्हाला ठाऊक असेलच, खातं तुमचं. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 1999 सालीच लिहून ठेवलंय : हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत, पाणी दोन तास आधीपर्यंत. आतडं तुंबलेलं असेल तर गोष्ट वेगळी, वडिलांचं नव्हतं. युरोपात तर माल्टोडेक्स्ट्रिन नावाच्या पावडरचं गोड पाणी देतात, आदल्या रात्री 800 मिली, सकाळी 400. ऑपरेशननंतर इन्सुलिन नीट चालेनासं होतं, ते त्याने थोडं आवरतं. चमत्कार नाही हं. 2014 मध्ये पेशंटना असं पाणी देऊन केलेल्या 27 चाचण्या एकत्र तपासल्या, तर हॉस्पिटलातला मुक्काम दिवसाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने कमी भरला. गुंतागुंत होती तेवढीच. मग राहू द्या ती पावडर. टेंडर निघेल, कोणाचा तरी मेहुणा पुरवठादार होईल. पाणी तर फुकट आहे ना?

पण पाणी द्यायचं तर नंबर कधी लागणार हे कोणाला तरी माहीत हवं. ते नाही, म्हणून रात्री दहालाच सगळ्या वॉर्डाची तोंडं बंद. भूल द्यायला माणूस नाही, फीत कापायला मात्र दरवर्षी नवी इमारत. तुमच्यापैकी एकाचं तरी पित्ताशय इथे निघाल्याचं मी ऐकलेलं नाही.

वडील अकराव्या दिवशी घरी आले. उपासानेच इतके दिवस लागले, असं मी म्हणत नाही. पण लिस्टवर नंबरासमोर वेळ लिहा, आणि ऑपरेशन रद्द झालं की लगेच पाणी द्या, कोणालाही न विचारता. तक्रार क्रमांक तोच, निकाली काढलेला.

आपला,
चार नंबरच्या पेशंटचा मुलगा