घरच्या प्रार्थनेविषयी मंडळीतील कुटुंबांना सूचना

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

येत्या सोमवारपासून प्रत्येक घरी रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना व्हावी, ही कळकळीची विनंती. वेळ जेवणाआधीची ठेवा. जेवणानंतर ठेवली की लहान मुलं पेंगतात आणि चार दिवसांत प्रार्थना बंद पडते. पंधरा मिनिटं पुरेत. टीव्ही बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत.

आधी ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातल्या गीताची दोन कडवी, मग शास्त्रपाठ, म्हणजे बायबलचं वाचन. सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून करा. अध्याय सोळाच आहेत. रोज अर्धा घेतला तर महिन्याभरात शुभवर्तमान संपतं. स्तोत्र ११९ मात्र एका बैठकीत घेऊ नका. त्यात १७६ वचनं आहेत, पण आठ-आठ वचनांचे २२ भाग आधीच पाडलेले आहेत. रोज एक घ्या. आळीपाळीने वाचायचं तर सर्वांच्या हाती एकाच भाषांतराची प्रत हवी, नाहीतर शब्द जुळत नाहीत आणि मुलं गोंधळतात.

प्रार्थना लहानापासून सुरू करावी, एका वाक्याची असली तरी चालेल. मोठ्यांनी दोन मिनिटांत आटोपावं. आणि प्रार्थनेतून मुलांना रागावू नये. “प्रभू, ह्याला अभ्यासाची बुद्धी दे” म्हटलं की पोरगं डोळे उघडून आईकडे बघतं, आणि दुसऱ्या दिवशी त्या वेळी बाहेर खेळायला जातं.

विनंत्यांसाठी एक वही ठेवा: तारीख, नाव, विनंती. उत्तर मिळालं की त्याच ओळीपुढे लिहा आणि त्या संध्याकाळी उपकारस्तुती करा.

शेवटी येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’, सर्वांनी मिळून, सावकाश. आजी-आजोबांचा आवाज मागे राहत असेल तर त्यांच्या गतीने म्हणा.