एएमडीची गोष्ट 2014 ला सुरू होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवाल्या एएमडी कंपनीवरचा लेख वाचला. भाषा छान आहे, पण वाचून असं वाटतं की ऑक्टोबर 2014 मध्ये लिसा सू सीईओ झाल्या आणि बुडत्या कंपनीला एकटीने काठावर ओढून आणलं, त्याआधीची 45 वर्षं लेखकांनी दोन परिच्छेदात गुंडाळली आहेत. बाईंचं कर्तृत्व मोठं आहे, त्यात वादच नाही. पण ज्या झेन नावाच्या प्रोसेसर डिझाइनमुळे कंपनी वर आली त्याचं काम चिप डिझायनर जिम केलर 2012 ला कंपनीत परत आले तेव्हाच सुरू झालं होतं, आणि झेनवरचा रायझन प्रोसेसर बाजारात यायला 2017 उजाडलं. मधली वर्षं कंपनी जगली कशावर? हे लेखात कुठेच नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या मते ही कंपनी एका करारावर मोठी झाली आणि एका विक्रीवर तगली. चिपच्या डिझाइनइतकंच ते कागद महत्त्वाचे.

1 मे 1969 ला जेरी सँडर्स आणि सात सहकाऱ्यांनी एएमडी काढली. सँडर्स फेअरचाइल्ड या चिप कंपनीत मार्केटिंग बघायचे, शिक्षणाने इंजिनिअर पण पिंड अस्सल सेल्समनचा. वर्षभर आधी त्याच फेअरचाइल्डमधून बाहेर पडून नॉइस आणि मूर यांनी इंटेल काढली होती. त्यांच्याकडे नवे शोध, यांच्याकडे काय, तर दुसऱ्यांच्या डिझाइनच्या चिप्स बनवायच्या आणि त्या लष्करी टेस्टिंगच्या निकषात बसवून द्यायच्या. याला सेकंड सोर्स म्हणतात. आयत्या बिळावर नागोबा असं कोणाला वाटेल, पण तेव्हा गिऱ्हाईकच हे मागायचं, कारण एकाच कंपनीच्या मालावर विसंबून राहिलं आणि तिथे एक बॅच बिघडली तर आपली लाइन ठप्प. आयबीएमने पीसीसाठी इंटेलचा 8088 प्रोसेसर घेतला तेव्हाही दुसरा पुरवठादार हवा हीच अट होती, आणि त्यातूनच 1982 चा इंटेल-एएमडी करार झाला. म्हणजे एएमडीला या धंद्यात इंटेलच्या दारातूनच घेतलं गेलं, आणि इंटेलला ते दार नाइलाजाने उघडावं लागलं होतं.

386 या नव्या प्रोसेसरच्या वेळी इंटेलने हात आखडता घेतला, डिझाइन द्यायलाच नकार. मग लवाद, मग कोर्ट, वर्षानुवर्षं तेच. एएमडीने दरम्यान स्वतःच्या जोरावर एएम386 बनवला आणि 1991 ला आणला तो 40 मेगाहर्ट्झचा, इंटेलचा 33 वर थांबलेला असताना! 386 हे नाव आमचं आहे असा इंटेलचा दावाही टिकला नाही, आकड्यावर कसला ट्रेडमार्क. 486 नंतरच्या चिपला इंटेलने 586 न म्हणता पेंटियम का म्हटलं ते यातून कळतं.

एएमडीच्या अॅथलॉन प्रोसेसरच्या काळाबद्दल मात्र मी जरा हळवा आहे, तेव्हा आम्ही पोरं पेन्सिल घेऊन बसायचो. चेष्टा नाही. प्रोसेसरच्या वरच्या बाजूला एल1 म्हणून चार बारीक ब्रिज असायचे, ते कापलेले असले की मल्टिप्लायर, म्हणजे चिपचा वेग ठरवणारा गुणक, लॉक. मऊ शिशाच्या पेन्सिलीने चार रेघा ओढून ते जोडले की लॉक उघडायचं, कारण ग्राफाइटमधून करंट जातो. रेघ शेजारच्या ब्रिजला लागली तर खोडून परत. अर्थात मधला सिलिकॉनचा तुकडा उघडाच, हीटसिंक तिरका दाबला की कोपरा उडायचा, माझ्या घाईमुळे माझा एक उडालाच.

असो. मार्च 2000 मध्ये 1 गिगाहर्ट्झला एएमडी इंटेलच्या दोन दिवस आधी पोचली, पण त्याहून मोठी गोष्ट 2003 ची. इंटेल इटेनियम नावाची चिप घेऊन सगळं नव्याने मांडायच्या नादात होती, एएमडीने जुन्याच x86 ला, म्हणजे पीसीच्या चिपला कळणाऱ्या इंटेलच्या आज्ञांच्या भाषेला, 64 बिटची जोड दिली आणि जुने प्रोग्राम चालू ठेवले. पुढच्याच वर्षी इंटेलला तेच उचलावं लागलं. आजही इंटेलच्या मशीनवर उबुंटूसारखं लिनक्स टाकायला जा, डाउनलोड केलेल्या फाइलच्या नावात amd64 नाही तर काय दिसतं? (हे रोमन अक्षरात लिहिल्याबद्दल माफी, एएमडी64 असं वाचावं.)

आता विक्रीचं. खऱ्या मर्दाकडे स्वतःचा फॅब असतो, असं सँडर्स म्हणायचे असं सांगतात. फॅब म्हणजे चिपचा कारखाना, आणि तो पांढरा हत्तीच, दर काही वर्षांनी नवी मशिनरी, नाहीतर मागे पडलात. त्यात 2006 ला 5.4 अब्ज डॉलर्सना ग्राफिक्सवाली एटीआय घेतली, कर्ज डोक्यावर, आणि 2007 आणि 2008 ला दर वर्षी 3 अब्ज डॉलर्सच्या वर तोटा. मार्च 2009 मध्ये कारखाने वेगळे काढून अबू धाबीच्या पैशावर ग्लोबलफाउंड्रीज उभी केली. पण x86 चं लायसन्स इंटेलचं, कारखाना परक्याचा झाला तर ते चालणार का यावरून पुन्हा भांडण. नोव्हेंबर 2009 च्या तडजोडीत इंटेलने 1.25 अब्ज डॉलर्स दिले हे सगळे सांगतात, पण त्याच तडजोडीत लायसन्सचा हा गुंताही सुटला, आणि माझ्या लेखी त्याची किंमत जास्त.

तरी सुटका लगेच झाली नाहीच. ठरल्याइतका माल उचलला नाही म्हणून 2012 ला स्वतःच्याच जुन्या कारखान्याला 32 कोटी डॉलर्स भरायची पाळी आली, 2013 ला ऑस्टिनचा कॅम्पस विकून त्याच इमारतीत भाडेकरू म्हणून राहिले. त्याच वर्षी पीएस4 आणि एक्सबॉक्स वन, दोन्हीत एएमडीचीच चिप लागली आणि चूल पेटती राहिली. ग्लोबलफाउंड्रीजने 2018 ला 7 नॅनोमीटरच्या, म्हणजे आणखी बारीक चिपच्या तंत्राचा नाद सोडला तेव्हा एएमडी सरळ तैवानच्या टीएसएमसीकडे, दुसऱ्यांच्या चिप बनवून देणाऱ्या कंपनीकडे, गेली. स्वतःचा फॅब असता तर असं जाता आलं असतं का? इंटेलचं 10 नॅनोमीटरचं काम तेव्हा अडकून पडलं होतं आणि तिचा पाय स्वतःच्याच कारखान्यात रुतलेला. आणि 2022 ला एएमडीने विकत घेतली कोण, तर झायलिंक्स ही चिप कंपनी, जी 1984 पासून कारखान्याशिवायच चालत आलेली! सँडर्सना काय वाटलं असेल कोण जाणे.

शेवटी एक दुरुस्ती. लेखातल्या फोटोखाली ‘एएमडीच्या कारखान्यात तयार होणाऱ्या चकत्या’ असं छापलंय. 2009 नंतर या चकत्या, म्हणजे ज्यातून चिप कापतात त्या सिलिकॉनच्या थाळ्या, बनवणारा कारखाना त्यांच्याकडे नाही, फोटो दुसऱ्या कोणाचा तरी असणार. तेवढं पुढच्या अंकात बघा.

आपला,
एक जुना वाचक