राजगडावरच्या अनोळखी माणसांचे आभार

मे महिन्याच्या शिबिरात पद्मावती माचीवर बाबांच्या छातीत कळ आली. लगेच ॲस्पिरिनची गोळी चघळायला देणाऱ्या ताई, आणि चोरदरवाज्याच्या त्या उभ्या वाटेने त्यांना डोलीतून गुंजवण्यापर्यंत उतरवणारे गावकरी, तुमची नावंही विचारायची राहिली. धडधाकट माणूसही तिथे रेलिंग सोडत नाही हो! तुमच्यातलेच काहीजण पुन्हा वर गेले, घाबरलेल्या पोरांना पिठलं-भाकरी खाऊ घातली आणि सांभाळून खाली आणलं.

बाबा दिवसा गणित शिकवतात, संध्याकाळी खो-खो. खो मिळाल्याशिवाय पाटीवरून उठायचं नाही, हा नियम ते घरीही लावतात. सध्या तोच डॉक्टरांनी त्यांना लावलाय. अँजिओप्लास्टी झाली, तब्येत सुधारतेय. आम्हा सगळ्यांकडून तुमचे मनापासून आभार.