शनिवारच्या बैठकीसाठी: बायोडेटा नको, कामाचा नमुना आणा

नमस्कार मंडळी,

सामाजिक बदलासाठीच्या संवादक्षेत्रात करिअर करू पाहणाऱ्या सभासदांची ऑनलाइन बैठक शनिवारी संध्याकाळी ६ वाजता आहे. प्रत्येकाने आपल्या कामाचा एकच नमुना आणायचा. पोस्टर, रेडिओचा स्पॉट, पथनाट्याची संहिता, काहीही चालेल. नुसत्या बायोडेटावर काय बोलणार?

सोबत अर्धं पान टिपण हवंच. काम कोणासाठी केलं, त्या लोकांनी नेमकं काय करावं अशी अपेक्षा होती आणि छापण्याआधी ते कोणाला दाखवलं, हे लिहा. अशा पूर्वचाचणीत, म्हणजे छापण्याआधी काम लोकांना दाखवून पाहताना, लोक भिडेखातर ‘समजलं’ म्हणतात. चित्रावर बोट ठेवून ‘ही बाई काय करतेय?’ असं विचारलं की खरं काय ते बाहेर येतं. असे एक-दोन प्रसंग टिपणात असतील तर मुलाखतीतही बोलायला काहीतरी ठोस राहतं.

मेक्सिकोत १९७५ साली दूरचित्रवाणी निर्माते मिगेल सबिदो यांनी प्रौढ साक्षरतेवर दूरचित्रवाणी मालिका केली. साक्षरतेच्या पुस्तिका कुठे मिळतात हे एका भागात सांगितलं, तर तिथे हजारोंची झुंबड उडाली. तेव्हा लोकांना जिकडे पाठवताय, तिथल्या माणसांशी आधी बोलला होतात का, तेही लिहा.

कोणाचा फोटो किंवा आपबीती वापरली असेल तर त्यांची संमती हवी. नसेल तर दुसरा नमुना निवडा, यात सवलत नाही.

फाइल शुक्रवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर टाका. फाइलला स्वतःचं नाव द्या, ‘फायनल-फायनल-२’ नको!