पेन्शनवर येतोय

ती. नाना आणि आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका. मी ठणठणीत आहे, हातपाय जागेवर आहेत. फक्त ही गोष्ट फोनवर सांगता येत नव्हती. नाना, तुम्ही 'बरं, बरं' म्हणून फोन आईकडे देता, आणि आईनं 'जेवलास का?' विचारलं की माझं पुढचं सगळं घशातच राहतं. आपल्या घरात मोठ्या गोष्टी कायम ५६ ए.पी.ओ.च्या, म्हणजे फौजी टपालाच्या पत्रातूनच आल्या, म्हणून ही पण तशीच पाठवतोय.

मी फौजेतून डिस्चार्जचा अर्ज दिला होता. तो मंजूर होऊन आलाय. ३१ मार्चला मी नोकरीतून मोकळा होतो. त्याआधी बेळगावला रेजिमेंटच्या सेंटरवर जाऊन मेडिकल, हिशेब आणि पेन्शनचे कागद उरकायचे. एप्रिल उजाडला की मी घरी. सुट्टीवर नाही, पेन्शनवर.

तुम्हाला न विचारता केलं. विचारलं असतं तर नाना 'अजून थोडं काढ' म्हणाले असते, आणि नानांनी तसं म्हटल्यावर माझ्या हातून सही झाली नसती. हे मला पक्कं माहीत होतं. तुमच्या सुनेला मंजुरी आल्यावर कळवलंय. तिला काही बोलू नका, गप्प राहायला मीच सांगितलं होतं.

नाना, तुमच्या मनात पहिल्यांदा खांद्यावरचा स्टार येणार. तुम्ही हवालदार म्हणून घरी आलात आणि पोरगा सुभेदार होऊन येईल असं चावडीवर सांगून बसलात. प्रमोशनचं कॅडर मी पास आहे. पण कॅडर पास होणं आणि व्हेकन्सी निघणं यात किती अंतर असतं, ते तुम्हाला मी काय सांगू? माझ्यापुढे सीनियॉरिटीत माणसं आहेत, चांगली माणसं आहेत. माझा नंबर लागेपर्यंत अजून एक फील्ड टेन्यूअर, म्हणजे सीमेवरची मुदत, नक्की, कदाचित आर.आर. (राष्ट्रीय रायफल्स) पण. तोवर तुम्ही सत्तरीला टेकाल आणि छोटी हायस्कूलला जाईल. त्या स्टारला मी कमी लेखत नाही. तुमच्यासाठी तरी तो घ्यावा असं वाटून बऱ्याच रात्री जागून काढल्या. पण तो लावून घरी आलो आणि बघायला... नको, ते लिहीत नाही.

अर्जात कारण लिहावं लागतं. मी 'घरगुती कारण' लिहिलं. पलटणीच्या सी.ओ. साहेबांनी इंटरव्ह्यूला बोलावून विचारलं, घरी नक्की काय अडचण आहे? मी म्हणालो, अडचण काही नाही साहेब, आई-वडील आहेत. साहेबांनी पुढं काही विचारलं नाही. तेव्हा आपल्यामुळे पोराची नोकरी सुटली असं मनात आणू नका. तुम्ही कुणावर भार नाही. उलट घर तुम्हीच ओढताय, आणि तेच मला इथं बसून बघवत नाही.

आई, तुला ते दिवस पुन्हा आठवायला लावायचे नाहीत, पण एकदा लिहू दे. मी सियाचीन ग्लेशियरवर होतो तेव्हा नानांच्या छातीत दुखलं, रात्रीत साताऱ्याला नेलं, स्प्रिंग टाकली. वर पोस्टवर सॅटेलाइट फोनवर बोलायला थोडी मिनिटं मिळायची, मागे रांग असायची. तू म्हणालीस, 'नाना रानात गेलेत.' मी म्हणालो, 'इथं थंडी काही विशेष नाही.' पारा उणे चाळीसच्या खाली जात होता. बंद खोपटात केरोसीन जळायचं, त्या धुरानं थुंकी काळी यायची. झोप नाही, अन्नावरची वासना उडालेली. यातलं एक अक्षर मी तुला सांगितलं नाही, आणि तू नानांचं सांगितलं नाहीस. खाली बेस कॅम्पला उतरलो तेव्हा आक्काच्या तोंडून निघून गेलं.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. कळलं असतं तरी काय करणार होतो? हवा मोकळी असेल तर हेलिकॉप्टर, नाहीतर एका दोराला बांधून घेऊन बर्फातून पायी उतरायचं. पण तेव्हापासून तुझं 'सगळं बरं आहे' माझ्या कानाला खरं वाटत नाही. तू खोकलीस की फोन ठेवून मी लगेच सुनेला लावतो, खरं काय ते विचारायला. आता तीही तुझीच बाजू घेते. तुमच्या तब्येतीची चौकशी मला अशी चोरून करायची नाही. तुझ्या समोर बसून तुझं तोंड बघून मला कळलं पाहिजे.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण साठत जातात. नानांना त्या ठाऊक आहेत, तुला नसतील. कागदावर वर्षाला साठ दिवस सालाना सुट्टी आणि तीस दिवस सी.एल. असते. मिळते पण. मात्र ती गणपतीत मिळणार, पेरणीत मिळणार की पोरगी तापानं फणफणलेली असताना, हे पलटणीच्या कामावर ठरतं. एकाच्या घरी लग्न निघालं की दुसऱ्यानं थांबायचं. हवालदार झाल्यापासून मी आधी माझ्या हाताखालच्या पोरांना पाठवत आलो, कारण त्यांच्यातल्या काहींचं लग्न नुकतंच झालेलं. ते योग्यच होतं, पुन्हा करायची वेळ आली तर पुन्हा तसंच करीन. पण माझ्या थोरल्याच्या मुंजीला मी नव्हतो, आणि आत्याच्या दहाव्यालाही.

पीसला, म्हणजे सीमेपासून लांबच्या छावणीत आलं की आराम, असं गावात सगळ्यांना वाटतं. पीसला गार्ड, वर्किंग पार्टी, इन्स्पेक्शन, कोर्स, एक्सरसाइज, मध्येच इलेक्शन ड्यूटी. मागच्या स्टेशनला फॅमिली क्वार्टरच्या यादीत माझं नाव सरकत सरकत वर आलं, सून भांड्यांची पोती बांधून तयार होती, आणि पलटणीची मूव्ह ऑर्डर निघाली. ती पोती तिनं कुणाला काही न बोलता पुन्हा सोडली. हे तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही, तूच सांगितलंस. ते मला फार लागलं. माझी नोकरी जितकी मी केली तितकीच तिनं पण केली, आणि तिला कुणी मेडल दिलं नाही.

फौजेवर रागावून मी येत नाहीये, नाना. हे तुम्हाला स्पष्ट कळायला हवं. आपलं घर, विहीर, आक्काचं लग्न, तुमची स्प्रिंग, सगळं फौजेनं केलं. कसम परेडला तुम्ही बेळगावच्या ग्राउंडवर टोपी सावरत उभे होता, ते मी अजून विसरलो नाही. पलटण सोडताना मला त्रास होणार आहे. सकाळी रांगेत उभं राहायची फॉलिनची शिट्टी नसेल तर मी काय करीन, असा विचार आत्तापासून येतो. पण दुःख दोन्हीकडे आहे. त्यातलं कमी पश्चात्तापाचं मी निवडलं.

लहानपणी तुम्ही सुट्टीवर यायचात तेव्हा काळी पेटी उघडली की डांबराच्या गोळ्यांचा आणि बूटपॉलिशचा वास यायचा. पहिले दोन दिवस मी आईच्या मागे लपायचो. आई अजून सांगते, मी म्हणालो होतो, 'ह्या माणसाला परत पाठव,' आणि तुम्ही काही न बोलता ओसरीवर घोंगडी टाकली होती. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला खांद्यावर बसवून चावडीच्या भिंतीवरची १९१४-१९१९ ची, पहिल्या महायुद्धाची पाटी दाखवलीत. गावातून लढाईवर इतकी माणसं गेली, इतकी परत आली नाहीत. जी परत आली ती पुढे कशी जगली, त्यांनी आपल्या आईबापांना बघितलं का, हे त्या पाटीवर नाही. मला ते हल्ली विचारावंसं वाटतं. श्रीलंकेत जाफन्याला तुम्ही असताना आईनं आक्काला घेऊन कसं काढलं, ते तरी ती आपल्याला कुठं पूर्ण सांगते?

आता पैशाचं, म्हणजे तुमची झोप उडणार नाही. पंधरा वर्षं झाली की पेन्शन बसतं, माझी त्याच्या वर झाली आहेत. मूळ पगार ४०,४०० आणि मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००, त्याचं निम्मं २२,८००, वर महागाई. निम्म्यापर्यंत पेन्शन विकून एकरकमी पैसे घेता येतात, पण मी थोडंच विकणार. विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत चालू होतो, तरी दर महिन्याला हातात नीट रक्कम यावी असं मला वाटतं. ग्रॅच्युइटी, ए.एफ.पी.पी. फंड (फौजेचा प्रॉव्हिडंट फंड), ग्रुप इन्शुरन्स आणि शिल्लक सुट्टीचे पैसे एकदम येतील. त्याला हात लावायचा नाही. ट्रॅक्टर नको, नाना. आत्ताच सांगून ठेवतो.

एक तोटा आहे, तो लपवत नाही. २०१५ च्या आदेशात स्वतःहून अर्ज देऊन जाणाऱ्यांना वन रँक वन पेन्शनमधून वगळलंय. तुमचं पेन्शन दर पाच वर्षांनी नव्यानं बसतं, माझं तसं बसणार नाही, असं धरूनच मी हिशेब केलाय. हिशेब जमतो. दवाखान्याची काळजी नाही. तुम्हा दोघांचं ई.सी.एच.एस.चं, माजी सैनिकांच्या दवाखान्याचं कार्ड आहेच, आता सून आणि पोरं माझ्या कार्डावर येतील.

आणि मी रिकामा बसणार नाही. बँकेत क्लार्कच्या जागांत माजी सैनिकांना राखीव जागा असतात, त्या परीक्षेची पुस्तकं आणून वाचायला लागलोय. नाहीच जमलं तर सिक्युरिटीची ड्यूटी करीन, त्यात मला कमीपणा वाटत नाही. संध्याकाळी भरतीच्या पोरांना पळवीन. अग्निवीर म्हणून जाणारी पोरं आता चार वर्षांनी परत येतात, त्यातली चौथाईच राहू शकतात. माझ्या हाताखाली अशी पोरं आहेत. त्यांना पेन्शन नाही, म्हणून पुढं काय करायचं हे जायच्या आधीच त्यांना कुणीतरी सांगायला हवं. ते मी सांगीन.

तोपर्यंत माझी काळजी करायची नाही. इथं लंगरचं जेवण गरम मिळतं, रजई जाड आहे, आईनं दिलेली कानटोपी रात्री घालतो. गुडघा दुखतो तो जुनाच, नवीन काही नाही. खरंच नाही.

आता ऐका. नाना, रात्रीची लाईट असेल त्या आठवड्यात उसाला पाणी पाजायला जायचं नाही. ऊस थोडा वाळला तरी चालेल. वाटेकऱ्याला सांगा, त्याला वरचे पैसे मी देईन. रक्त पातळ करायची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. साताऱ्याच्या पॉलिक्लिनिकला औषधं संपायच्या आठ दिवस आधी जायचं, संपल्यावर नाही. हयातीचा दाखला या खेपेला सुनेनं मोबाईलवरून भरला असेल, नसेल तर तिला आजच विचारा. आई, बी.पी.ची गोळी अर्धी करून पुरवायची नाही. मला कळतं, पाकीट दोन महिने जातं. मोतीबिंदूचं मी आल्यावर करू म्हणतेस, ठीक आहे, पण एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात, आणि तेव्हा लोणच्याचा मोसम काढायचा नाहीस. चुलीवर पाणी तापवणं बंद. गॅस संपला तर संपला.

माडीवरची खोली माझ्यासाठी रिकामी करू नका. तुमचं धान्य तिथंच राहू दे. आम्ही खालीच झोपू, रात्री नानांना हाक मारता आली पाहिजे.

आणि नाना, स्टेशनवर जीप, बँड, फ्लेक्स असलं काही नको. पेन्शन आलेल्यांची मिरवणूक काढतात, पोरांना हौस असते, मला माहीत आहे. माझा त्याला आकस नाही. पण मी माहुलीच्या स्टेशनवर उतरून एस.टी.नं येईन. तुमची फारच इच्छा असेल तर चावडीपासून घरापर्यंत चालत येऊ, तुमच्या सोबतच्या माजी सैनिकांना बोलवा, त्यांना चहा देऊ. त्याहून जास्त नको. तुम्हाला वाईट वाटलं तर फोनवर सांगा, मनात ठेवू नका. या वेळी फोन आईकडे लगेच देऊ नका.

आक्काला हे तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून कळलं तर 'मला शेवटी सांगितलं' म्हणून वर्षभर ऐकवेल. छोटीला मात्र अजून सांगू नका, तारीख एक दिवस जरी पुढं गेली तरी ती रडेल.

तुमचा,
धाकटा